हिरकणीचा कडा आणि पासवर्ड

रायगडाचे दरवाजे सांजवेळी बंद होत. तान्ह्या लेकराच्या ओढीने हिरकणी गवळण कडा उतरून गेली आणि महाराजांनी तिथे बुरूज बांधला, असं आख्यायिका सांगते. पासवर्डचा इतिहास आम्ही इथूनच वाचतो. २००३ साली बिल बर यांनी अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेसाठी नियम लिहिले: अक्षरं, आकडे, चिन्हं मिसळा, पासवर्ड वरचेवर बदला. मग काय झालं? आपल्या कोल्हापुरातही आम्ही पाहिलं, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून कीबोर्डखाली गेला; नाहीतर शेवटचा १ जाऊन २ आला. २०१७ मध्ये निस्टने ही सक्ती सोडली, लांबलचक पण लक्षात राहणारे शब्द बरे म्हटलं. बर यांनीही पश्चात्ताप बोलून दाखवला. हिरकणीला शिक्षा झाली नव्हती, बरं का. आमच्याकडे चिठ्ठी सापडली की कारकुनालाच मेमो!