गवताचं गणित

परंडा म्हटलं की किल्ला आठवतो. १६०० साली अहमदनगर पडल्यावर निजामशाहीची गादी काही काळ इथं आली होती, हेही आपण अभिमानानं सांगतो. आज मी तटाबाहेरच्या माळाविषयी बोलणार आहे. राजांचा इतिहास लिहिला गेला, गवताचा कोण लिहिणार?

एका माळावर किती मेंढरं चरावीत? १८३३ साली ऑक्सफर्डच्या लॉइडनं आणि १९६८ साली अमेरिकेच्या हार्डिननं सांगितलं, की कुरण सगळ्यांचं असलं की प्रत्येक जण एक जनावर वाढवतो आणि शेवटी कुरणच उजाड होतं. १९७५ साली इस्रायलच्या नॉय-मीर यांनी हा प्रश्न आलेखावर मांडला. एक रेघ गवताच्या वाढीची. गवत अगदी थोडं असेल तर वाढ थोडी, मध्यम असेल तर भरपूर, माळ पुरता भरला की वाढ थांबते. दुसरी रेघ जनावरांच्या खाण्याची. कळप वाढत गेला तरी बराच काळ माळ तग धरतो. मग एका हद्दीपुढं चार मेंढरं जास्त झाली, की एकदम कोसळतो. गंमत अशी, की तीच चार मेंढरं काढून घेतली म्हणून गवत परत येत नाही. त्यासाठी कळप फार कमी करावा लागतो.

आपल्या मेंढक्यांनी यावर आधीच तोड काढलेली आहे. ते एका जागी थांबत नाहीत. पावसाळा सरला, की कळप बाहेर पडतात. वाटेत शेतकरी रानात मेंढरं बसवतो, खत मिळवतो, बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. हार्वर्डमध्ये गणिती परिसरशास्त्र शिकलेले माधव गाडगीळ भारतात परतल्यावर धनगरांकडं वळले. कैलाश मल्होत्रांबरोबर त्यांनी गवळी धनगरांवर लिहिलेला अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध झाला.

हार्डिनचं कुरण बिनकायद्याचं होतं. आपलं गायरान तसं नाही, ते गावाचं आहे. गावं नियम करून अशी सामाईक संपत्ती राखू शकतात, हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली नोबेल मिळालं. २०११ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याचा आदेश सगळ्या राज्यांना दिला.

तरी गायरान आक्रसतंच आहे. मेंढरं तेवढीच ठेवली आणि माळ निम्मा केला, तर हद्द ओलांडलीच म्हणायची. दोष मात्र मेंढक्याच्या माथी येतो. म्हणून ग्रामसभेत मेंढरं मोजण्याआधी गायरान मोजा. सातबाऱ्यावर किती आणि जागेवर किती, एवढी वजाबाकी तर आपल्या सगळ्यांनाच येते.