बुडालेल्या गावाचा नकाशा

इंदापूर तालुक्यात १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमिनीची जी फेरपाहणी केली, तिच्यातून मुंबई इलाख्याच्या महसुली मोजणीची रीत घडली. ३३ फूट बाजूचा चौरस म्हणजे गुंठा आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर, हा तिचा हिशेब लोकांच्या बोलण्यात आजही चालतो. याच तालुक्यातील जुने पळसदेव भीमेवरील उजनी धरणाच्या जलाशयात गेले असल्याने, ‘महाभूनकाशा’ या सरकारी संकेतस्थळावरील आजचे गट अभ्यासकाला तेथे फारसे उपयोगी पडत नाहीत. अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात काढलेली, एका सेंटीमीटरात अडीच किलोमीटर दाखवणारी पत्रके टेक्सास विद्यापीठाने महाजालावर खुली केली असून, त्यांत धरणापूर्वीची भीमा दिसते. गावठाण मात्र ठिपक्याएवढेच, आणि रोमन लिपीतील ग्रामनामे तर हमखास चकवतात. म्हणून जुने पत्रक उपग्रहचित्रावर बसवताना बुडालेल्या नदीकाठापेक्षा जागच्या जागी राहिलेल्या खुणांचा आधार घेणे बरे. चित्रही उन्हाळ्यातले निवडावे, कारण पाणी ओसरले की जुन्या गावातले पळसनाथाचे मंदिर उघडे पडते.