संत्र्याची साल आणि जुना सदरा

आमच्या कारंजा गावात संत्र्याची साल फेकत नसत. आजी ती सावलीत वाळवून दळायची, बेसन-हळदीत घालून दिवाळीचं उटणं करायची. थंडीत अंगाला तिळाचं तेल. नागपूरकडे संत्रं भोसल्यांच्या काळात आलं, म्हणजे सालीची रीत त्यानंतरची. उटणं मात्र फार जुनं. तेलानं कोरडेपणा जातो, पण सुरकुत्या थांबत नाहीत. वयानं त्वचेतलं कोलॅजेन घटतं, पण ऊन ते आधीच मोडतं. संत्र्याच्या मृगबहाराची तोड फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात. तोडणाऱ्या बाया लुगड्यावर जुना सदरा चढवत. झाकलेले दंड साठीतही नितळ, उघडे चेहरे चाळिशीतच रेघाळलेले. खरं औषध त्या सदऱ्यातच होतं. बायांनो, उटणं लावा, पण उन्हात तोंडही झाका, सनस्क्रीन लावा.