तोंडाचा कर्करोग आणि शोधनिबंधांची मोजदाद

मुंबईत आढळलेल्या तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने एक हजार रुग्णांचा आढावा १९४४ साली ‘कॅन्सर रिसर्च’ या अमेरिकी नियतकालिकात छापून आला. तो लिहिणारे वसंत रामजी खानोलकर हे परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधील प्रयोगशाळांचे प्रमुख होते. हॉस्पिटल सुरू होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. पुढच्याच वर्षी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी लोकांच्या सवयींशी जोडलेल्या कर्करोगांवर निबंध लिहिला. धोतराची गाठ कमरेला वर्षानुवर्षे घासून होणारा त्वचेचा कर्करोग त्यातूनच वैद्यकाला ठाऊक झाला. रोगाचे कारण रुग्णाच्या नेसण्यात आणि खाण्यात शोधण्याची ही दृष्टी महाराष्ट्रातील कर्करोग संशोधनाला मिळालेली सर्वांत मोलाची देणगी होय. तंबाखू-चुन्याची गोळी गालात धरणे, विडा चघळणे, मिशरी लावणे या सवयी गावोगाव होत्या. वाशीम जिल्ह्यातील मालेगावपासून थेट चंद्रपूरपर्यंत विदर्भात आजही खर्रा घोटला जातो.

१९५२ मध्ये परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. त्यांच्या विद्यार्थिनी कमल रणदिवे या माहेरच्या समर्थ. त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला आणि शिक्षण फर्ग्युसन कॉलेजात. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवून त्या बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. माणसाच्या कर्कपेशी शरीराबाहेर अखंड वाढवण्यात पहिले यश याच प्रयोगशाळेला मिळाले. परत आल्यावर रणदिवेंनी केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. भारतातली ती पहिली मानली जाते. स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा वाटा किती, हे त्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून तपासले. त्यांच्या नावावर दोनशेहून अधिक शोधनिबंध आहेत. कुष्ठरोगाच्या जिवाणूवरही त्यांनी काम केले. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

एखाद्या निबंधाचा आधार पुढे किती जणांनी घेतला हे मोजण्याची सोय खानोलकरांच्या काळी नव्हती. युजीन गारफिल्ड यांची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूची १९६४ साली निघाली आणि संदर्भांच्या याद्या उलट्या दिशेने वाचता येऊ लागल्या. २००५ मध्ये जॉर्ज हर्श यांनी एच-निर्देशांक सुचवला. तो वीस असेल, तर त्या संशोधकाच्या किमान वीस निबंधांना प्रत्येकी वीस किंवा अधिक वेळा संदर्भ म्हणून घेतलेले असते. हे माप सोयीचे आहे, पण त्याची नजर तोकडी आहे. सूचीबाहेरच्या नियतकालिकांतील उल्लेख त्यात धरले जात नाहीत. पेशी वाढवण्याचे कसब हाताखालच्या मुलामुलींना शिकवण्यात गेलेली वर्षेही त्यात दिसत नाहीत, आणि रणदिवेंच्या कामाचा फार मोठा भाग तोच होता.

खानोलकरांच्या वाटेवरचे काम १९६०च्या दशकात गावांत पोहोचले. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली आणि निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. १९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूयुक्त विडा कर्कजनक ठरवला, त्यामागे भारतीय अभ्यासांचे मोठे बळ होते. १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली.

बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आणि टाटा मेमोरियलच्या मदतीने १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी-योजना राबवली गेली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. ज्या गटाला एकदाच एचपीव्ही चाचणी देऊ केली होती, त्यात या रोगाचे मृत्यू नेहमीच्या सेवेवर असलेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. चाचणीविना ठेवलेल्या या दुसऱ्या गटातील स्त्रियांवर अन्याय झाला का, यावर पुढे कडवट वाद झाला, आणि तो होणे रास्तच होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही डीएनए चाचणीला पहिली पसंती दिली.

तोंडाच्या कर्करोगाचा शोध यथावकाश रेणूंपर्यंत उतरला. टाटा मेमोरियलचे खारघर येथील संशोधन केंद्र आणि पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था यांनी हिरड्या आणि गालाच्या आतील भागाच्या, म्हणजे तंबाखू धरतात नेमक्या त्याच जागेच्या, कर्करोगाचा जनुकीय अभ्यास केला. पन्नास रुग्णांच्या गाठींचे जनुकवाचन करून निष्कर्ष आणखी साठ जणांवर पडताळले गेले. २०१३ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या या निबंधात यूएसपी९एक्स आणि एआरआयडी२ यांसारखी, या रोगात वारंवार बिघडणारी नवी जनुके नोंदली आहेत.