होस्ट सर्व्हरचे तापमान आणि पंखे

एका सर्व्हरवर वीस-पंचवीस व्हर्च्युअल मशीन चालू असतात. पण प्रोसेसर किती तापला आहे किंवा पुढचा पंखा फिरतो की नाही, हे त्यांतल्या एकालाही कळत नाही. व्हर्च्युअलायझेशनचा हेतूच खरे यंत्र झाकण्याचा आहे. उष्णता मात्र खऱ्या यंत्रातच तयार होते, आणि ते बंद पडले की वरची सगळी मशीन एकदम बंद पडतात. म्हणून होस्टवरील, म्हणजे या खऱ्या यंत्रावरील, सेन्सरांच्या इतिहासात तापमान कसे मोजले यापेक्षा तो आकडा कोणाला वाचता आला, याला जास्त महत्त्व आहे. मोजणे फार लवकर जमले होते.

१९४६ मध्ये फिलाडेल्फियात जगासमोर आलेल्या एनियाकमध्ये सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि त्याला १५० किलोवॉटच्या आसपास वीज लागे. त्याच्या कपाटांत थर्मोस्टॅट होते. आतले तापमान ११५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण ४६ अंश सेल्सिअसच्या वर गेले की वीज तोडली जाई. पुढच्या काळात मोठे संगणक पाण्याने थंड होऊ लागले, १९७६ चा क्रे-१ फ्रीऑनने. या सगळ्यावर लक्ष ठेवायला संगणक-खोलीत माणसे असत. लहान संगणकांना तर अशी गरज बराच काळ भासलीच नाही. १९९३ मध्ये ५ व्होल्टवर चालणारा पहिला पेंटियम आला आणि हीटसिंकवर छोटा पंखा बसवणे रूढ होऊ लागले. हजारो रुपयांच्या चिपचे आयुष्य आता एका स्वस्त पंख्याच्या बेअरिंगवर अवलंबून राहिले.

१९९० च्या दशकाच्या मध्यात नॅशनल सेमीकंडक्टरची एलएम७८ ही चिप मदरबोर्डवर दिसू लागली. सात व्होल्टेज, तीन पंखे आणि एक तापमान ती एकटी पाहत असे. फिलिप्सने १९८२ मध्ये दोन तारांची आय-टू-सी बस तयार केली होती. तिच्यावरच बेतलेली एसएमबस १९९५ मध्ये आली, आणि असे सेन्सर वाचण्याचा ठराविक मार्ग मिळाला. पंख्याचा वेग मोजण्याची युक्ती साधी होती. पंखा एका फेरीत दोन स्पंद देतो. दोन स्पंदांमधल्या काळात २२.५ किलोहर्ट्झच्या घड्याळाचे किती ठोके पडले, हे चिप मोजते आणि त्यावरून मिनिटाला किती फेऱ्या हे काढता येते. अडचण अशी की हा आकडा २५५ च्या पुढे जाऊ शकत नसे. त्यासाठी ठोक्यांची संख्या भागून लहान करणारा एक विभाजक ठेवलेला होता. तो २ असला, तर मिनिटाला सुमारे २,६५० फेऱ्यांपेक्षा हळू फिरणारा धडधाकट पंखाही शून्यावर दिसे. विभाजक वाढवला की तोच पंखा पुन्हा ‘सुरू’ होई. बंद पंख्याच्या खोट्या इशाऱ्यांमागे अनेकदा एवढेच गणित असे.

लिनक्समध्ये या चिपा वाचण्याचे काम १९९० च्या दशकाच्या अखेरीस एलएम-सेन्सर्स या प्रकल्पाने हाती घेतले. नाव अर्थातच एलएम७८ सारख्या चिपांवरून आलेले. कोणत्या बोर्डावर कोणती चिप आहे, हे मदरबोर्ड बनवणारे क्वचितच जाहीर करत, म्हणून बसवरचा एकेक पत्ता चाचपून पाहण्याखेरीज इलाज नव्हता. हे चाचपणे निरुपद्रवी नव्हते. आयबीएमच्या काही थिंकपॅड लॅपटॉपमध्ये त्याच बसवर एक स्मृती-चिप होती. तपासणीचे संदेश म्हणजे लिहिण्याचे आदेश असे तिने मानले, आतली माहिती बिघडली आणि लॅपटॉप सुरूच होईनासे झाले. पुढे प्रकल्पाने त्या यंत्रांवर चालण्यास सरळ नकार द्यायची सोय केली. कर्नलच्या २.६ मालिकेपासून हे ड्रायव्हर मूळ कर्नलमध्येच आले आणि तापमान सेल्सिअसच्या हजाराव्या भागात मिळू लागले: ४५ अंश म्हणजे ४५०००. तरीही कोणता आकडा कशाचा, हे चिपला ठाऊक नसते. ज्या टोकाला काहीच जोडलेले नाही, तिथून १२७ अंशांसारखे आकडे येतात. असे आकडे बाजूला काढणे हे वाचणाऱ्याचेच काम.

मधल्या काळात सेन्सर प्रोसेसरच्या आत शिरला. सप्टेंबर २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअरने एक चित्रफीत प्रसिद्ध केली. तीत चालू संगणकांवरचे हीटसिंक काढून टाकले होते: पेंटियम ४ नुसता मंदावला, पेंटियम ३ थिजला, आणि एएमडीचे दोन अ‍ॅथलॉन जळून गेले. त्या दोहोंपैकी नव्या चिपमध्ये तापमानाचा डायोड होताही. त्याचे ऐकून वेळेत वीज तोडणारे बोर्डावर कोणी नव्हते. त्यानंतर इंटेलच्या कोअर मालिकेत अंकीय सेन्सर आले. ते थेट तापमान सांगत नाहीत, कमाल मर्यादेपासून किती अंश खाली आहोत एवढेच सांगतात. सुरुवातीच्या चिपांमध्ये ती मर्यादाच कुठे नोंदलेली नसल्यामुळे ड्रायव्हर ती अंदाजाने धरत, आणि दोन प्रोग्राम एकाच प्रोसेसरचे तापमान पंधरा अंशांच्या फरकाने दाखवू शकत.

सर्व्हरच्या जगात वेगळी वाट निघाली. इंटेल, एचपी, एनईसी आणि डेल यांनी १९९८ मध्ये आयपीएमआय हे मानक जाहीर केले. त्याच्या केंद्रस्थानी बीएमसी नावाचा मदरबोर्डवरचा स्वतंत्र छोटा संगणक आहे. सर्व्हर बंद असला तरी विजेची केबल लावलेली असेपर्यंत तो जागा असतो, सेन्सर वाचतो, पंख्यांचा वेग ठरवतो आणि घटनांची नोंद ठेवतो. प्रत्येक सेन्सराला खालच्या तीन व वरच्या तीन मर्यादा देता येतात: सावधगिरीची, गंभीर आणि सावरता न येणारी. सेन्सराचे नावही त्याच्याच नोंदीत असल्यामुळे ‘पंखा ३’ म्हणजे कोणता, हा प्रश्न बराचसा मिटला. सगळ्यात मोठा बदल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमला न विचारता, जाळ्यावरून थेट हे सगळे वाचता येऊ लागले.

व्हर्च्युअलायझेशन आले तेव्हा हा मार्ग फार उपयोगी पडला. २००१ च्या व्हीएमवेअर ईएसएक्समध्ये लिनक्सवर आधारलेला एक सर्व्हिस कन्सोल होता आणि सर्व्हर-कंपन्यांचे देखरेखीचे प्रोग्राम त्यात बसवले जात. ईएसएक्सआयमध्ये तो कन्सोल काढून टाकला गेला; २०११ च्या व्हीस्फिअर ५ पासून दुसरा पर्यायच उरला नाही. त्याची जागा सीआयएम या मानकावरच्या प्रोव्हायडरांनी घेतली, आणि त्यांची बरीचशी माहिती आयपीएमआयकडूनच येई. झेन या हायपरव्हायझरमध्ये, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या थरात, अडचण आणखी खोल होती. तिथे व्यवस्थापनाचे लिनक्स स्वतःच हायपरव्हायझरवर चालते, त्याचा आभासी प्रोसेसर एका कोअरवरून दुसऱ्यावर हलू शकतो. म्हणून कोअरच्या आतला सेन्सर त्याला नीट वाचता येत नाही. २००७ मध्ये कर्नलमध्ये आलेल्या केव्हीएमने हा पेच सहज टाळला. तिथे होस्ट हेच पूर्ण लिनक्स असल्यामुळे एलएम-सेन्सर्स नेहमीसारखे चालते, आणि केव्हीएमवर आधारलेल्या प्रॉक्समॉक्सच्या घरगुती होस्टवर आजही तेच वापरले जाते.

पंख्यांकडे पाहण्याची नजर विजेच्या बिलानेही बदलली. पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट, तर वीज आठपट. अ‍ॅशरे संस्थेने २००४ मध्ये संगणक-खोल्यांसाठी २० ते २५ अंश सुचवले होते, २००८ मध्ये ती पट्टी १८ ते २७ केली. वातानुकूलनावरचा खर्च त्याने वाचतो, पण खोली जास्त तापू दिली तर आतले पंखे जोरात फिरून ती बचत खाऊन टाकतात. होस्ट सर्व्हरवर हा हिशेब खोलीच्या थर्मामीटरवरून होत नाही. आत येणाऱ्या हवेचे तापमान आणि पंख्यांचा वेग एकत्र पाहावा लागतो.

आयपीएमआयची उणीव सुरक्षिततेत निघाली. २.० आवृत्तीत विचारणाऱ्याची ओळख पटण्याआधीच त्याच्या हाती पासवर्डचा हॅश पडतो. डॅन फार्मर या सुरक्षा-संशोधकाने २०१३ मध्ये या मानकातल्या त्रुटी जाहीरपणे मांडल्या, आणि बीएमसीची जोडणी वेगळ्या, बंदिस्त जाळ्यावर ठेवण्याची शिफारस सर्वत्र होऊ लागली. २०१५ मध्ये डीएमटीएफ संस्थेने एचटीटीपीएसवर चालणारे रेडफिश मानक आणले. तापमान आणि पंखे त्यात साध्या जेसनमध्ये मिळतात. आयपीएमआयमध्ये नवी भर थांबली असली, तरी चालू यंत्रांवर दोन्ही मानके शेजारी शेजारी नांदत आहेत.