बीज, भाकरी आणि मेंदू



'खाण तशी माती' ही म्हण आपल्याकडे फार जुनी. तिच्या आधारे कष्टकऱ्याच्या पोराला जन्मतःच मंद ठरविण्याची चाल पडली. विज्ञानाचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो, आणि ती हर्सूलच्या या व्यासपीठावरून सांगण्याजोगी आहे.

आपल्या पेशींतील डीएनए ही जन्माबरोबर मिळालेली पोथी होय. कातडीच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत पोथी एकच; उघडी पाने तेवढी वेगळी. पाने उघडी-मिटलेली ठेवणाऱ्या खुणांपैकी एक म्हणजे मिथाइल नावाचा चिमुकला रासायनिक गट. तो अक्षर बदलत नाही, अक्षरावर खूण करतो. या शास्त्राला 'एपिजेनेटिक्स' हे नाव वॉडिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९४२ साली दिले.

२००४ साली माँट्रियलच्या मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. जी आई पिलांना वारंवार चाटते, तिच्या पिलांच्या मेंदूत ताण आवरणाऱ्या जनुकावर मिथाइलच्या खुणा कमी आढळल्या. कमी चाटणाऱ्या आईची पिले मायाळू आईच्या कुशीत ठेवली, तेव्हा खुणाही पालटल्या. दोष बीजाचा नव्हता!

माणसांचे काय? १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या नाकेबंदीने हॉलंडमध्ये दुष्काळ पडला. गर्भाच्या आरंभीच त्याची झळ बसलेल्यांच्या रक्तात साठ वर्षांनंतरही खुणांचा फरक दिसला. त्या काळात गर्भ राहिलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनिया या मनोविकाराचे प्रमाणही सुमारे दुप्पट आढळले.

आता आपल्या घरचे पाहू. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. गरोदरपणी ज्यांच्या रक्तात 'ब-१२' जीवनसत्त्व कमी होते, त्यांची मुले नवव्या वर्षी एकाग्रतेच्या आणि स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडलेली दिसली. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस यांतून मिळते. चटणी-भाकरीत ते नसते. मिथाइल पुरविण्याच्या शरीरातील कामाला ते लागते. जिवंत मुलाच्या मेंदूतील खुणा मोजता येत नाहीत, म्हणून सारे कारण तेच असे म्हणणे घाईचे होईल. पण वाट त्या दिशेने जाते.

यात आईला बोल लावण्यासारखे काही नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याच्या बाया खडी फोडीत होत्या. तिथे वाटलेली सुकडी ही दया नव्हती. ती पुढच्या पिढीची शिदोरी होती.

डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. मातेची विश्रांती हे राष्ट्राचे हित, ही त्यांची भूमिका होती. १९२९ साली कायदा झाला, पण तो कारखान्याच्या फाटकाशी थांबला. खडी फोडणारी, ऊस तोडणारी बाहेर राहिली. तिच्यासाठी रजा आणि पोटभर अन्न मागताना आपण मेहेरबानी मागत नाही. जन्माला यायच्या मेंदूची मजुरी मागतो.