उजव्या कुल्ल्याखालची उशी

आजचा भाग माझ्या सिझरपासून सुरू होतो. टेबलावर बसवलं आणि सिस्टर म्हणाल्या, "ताई, मांजरीसारखी पाठ बाहेर काढा, हनुवटी छातीला लावा." नऊ महिन्यांचं पोट पुढे घेऊन मांजर व्हायचं! वाकलं की मणक्यांमधल्या फटी उघडतात, सुईला वाट मिळते, हे मला नंतर कळलं. कमरेत इंजेक्शन झालं, लगेच आडवं केलं आणि उजव्या कुल्ल्याखाली एक उशी सरकवली. कशाला, विचारलं तर "असू द्या" एवढंच उत्तर. म्हणून म्हटलं, शोधूया.

तर चला, १८९८, जर्मनीतलं कील शहर. सर्जन ऑगस्ट बीर आणि त्यांचा असिस्टंट हिल्डेब्रांट यांनी कोकेनचा प्रयोग चक्क एकमेकांवर केला. बीर यांच्या वेळी सिरिंज सुईला बसेना, पाठीतलं पाणी गळून गेलं. मग हिल्डेब्रांटची पाळी. त्याच्या नडगीवर हातोडी मारली, तरी दुखेना! रात्री दोघं जेवले, वाइन प्यायले. नंतर बीर यांचं डोकं कित्येक दिवस दुखत राहिलं. उठलं की ठणका, आडवं झालं की बरं.

पण औषध पाठीत गेल्यावर जातं कुठे? १९०७ मध्ये लंडनच्या आर्थर बार्कर यांनी औषधात ग्लुकोज मिसळून ते जड केलं. मणक्याच्या बाकासारखी काचेची नळी केली आणि द्रावण कसं वाहतं ते पाहिलं. जड औषध उताराकडे जातं. म्हणजे पेशंटला कसं ठेवलं, यावर भूल कुठवर चढणार हे बऱ्यापैकी ठरतं. सिझरला ती छातीपर्यंत लागते. बसवूनच ठेवलं तर जड औषध खालीच साचेल. मला लगेच आडवं करण्याची घाई त्यासाठी होती.

आता उशी. १९५३ मध्ये हॉवर्ड, गुडसन आणि मेंगर्ट या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवलं, की भरल्या दिवसांची बाई उताणी झोपली की गर्भाशय पोटातल्या मोठ्या शिरेवर बसतं. हृदयाकडे रक्त कमी परततं, बीपी पडतं, घेरी येते, बाळाचाही पुरवठा घटतो. त्यात कमरेतल्या भुलेनं पायांच्या रक्तवाहिन्या सैलावतात, म्हणजे दुहेरी मार. म्हणून आईला थोडं डावीकडे कलवायचं. १५ अंशांचा कल मग जगभर रूढ झाला.

गंमत पुढे आहे. २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी गरोदर बायकांचे एमआरआय काढले. १५ अंशांवर शीर काही मोकळी झाली नाही, ३० अंशांवर झाली! पण ३० अंश कललेल्या टेबलावर सिझर करणार कसं? आता बीपी सावरायला फिनाइलएफ्रिनसारखी औषधं हाताशी असतात, त्यामुळे निरोगी आईला कल हवाच का, यावरही डॉक्टरांत वाद आहे.

माझी उशी किती अंशांची होती कुणास ठाऊक. पण मला मळमळायला लागलं तेव्हा भूलतज्ज्ञ मॅडमनी आधी मॉनिटरकडे पाहिलं, सलाइनमधून काहीतरी दिलं, आणि मग ती उशी अजून जरा आत ढकलली.